जोमादादा, खेचू का?

हे बघा, आधी चहा संपवा, नाहीतर नाकात जाईल. माणसं न विचारता काहीतरी करतात आणि फसतात. मी रीतसर विचारलं आणि फसलो! एकटा नाही, अख्ख्या वाशी गावाला घेऊन फसलो.

वाशी म्हणजे तुमची ही टॉवरांची वाशी नव्हे हं. नवी मुंबई तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. भातशेती, मिठागरं, खाडी आणि पलीकडे मुंबई. तिथं मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होतो. मालकानं खूश होऊन मला एक जुना सिनेमाचा कॅमेरा दिला, वर चित्र दाखवायचं, हातानं फिरवायचं मशीन. झालं! मी लगेच स्वतःला डायरेक्टर समजायला लागलो.

कापणी झाली की शेतात हुतूतूचे सामने व्हायचे. आमचा हुकमी गडी जोमादादा. पण मी कॅमेरा नेला, नेमका त्याच दिवशी तो घसरला आणि तोंडावर आपटला. कशात? ताज्या शेणात!

ते मी टिपलं आणि चादरीवर दाखवलं. लोक पोट धरधरून हसले. मशीन उलटं फिरवलं की जोमादादा शेणातून उठून पाठमोरा पळत जायचा! मग काय, प्रत्येक बारशाला मला बोलावणं.

एक दिवस जोमादादा आमच्या ओटीवर येऊन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दामा, मी परलू तो एकदाच परलू. तू मना रोज पारतंस! बोनकोड्याची सोयरीक आली व्हती. पोरीच्या बापानं पन ती फिलीम बगली न सोयरीक थांबली. मना इचारलंस कवा? आता मी खेलत नाय."

तो चारचौघांत खेळला, म्हणून त्याचं पडणं काय माझ्या मालकीचं झालं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याच्यासमोर तेवढी फिल्म कापून चुलीत घातली आणि गावदेवीची शपथ घेतली, "यापुढे विचारल्याशिवाय खेचणार नाही." आमच्याकडे फोटो काढत नसत, खेचत असत.

त्या शपथेवर जोमादादा पुन्हा खेळायला तयार झाला. सामना होता शेजारच्या बोनकोडे गावाशीच! पोरीचा बाप पुढच्या रांगेत बसणार. जोमादादाला त्याच्या डोळ्यांसमोरून ते शेण पुसायचं होतं.

त्या दिवशी मी विचारत सुटलो. पंचांना विचारलं, बोनकोड्याच्या गड्यांना विचारलं. बांधावरच्या एका म्हातारीलाही विचारलं, "आजी, खेचू का?"

"काय खेचतंस मेल्या, लुगरं?"

तिनं चप्पल उचलली, मी पुढे सटकलो.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई जोमादादाची! छातीत दम भरून "हुतूतूतूतू" करत तो गेला, एकाला शिवला आणि वळला. रेघ अगदी हाताशी. काय दिसत होता हो! मी कॅमेरा डोळ्याला लावला, कळीवर बोट ठेवलं आणि शपथ आठवली.

मी रेघेवर धावलो आणि जीव खाऊन ओरडलो, "जोमादादा, खेचू का?"

तो देवमाणूस थांबला, माझ्याकडे वळला, छान हसला आणि म्हणाला, "हां हां, खेच!"

दम तुटला की! 'हुतूतू' म्हणणं थांबलं की खेळ खलास. आणि मी कळ दाबली, तो हसत उभा, तोवर बोनकोड्याच्या गड्यांनीही ते 'खेच' मनावर घेतलं. सगळ्यांनी मिळून त्याला खेचला!

वाशीकर माझ्यामागे लागले. मी कॅमेरा पोटाशी धरून मिठागराकडे पळालो. परत आलो तो घाबरत घाबरतच. बघतो तर जोमादादा मातीत बसून खो खो हसतोय आणि शेजारी पोरीचा बाप!

"जिकता जिकता जो हाकेला ओ देतो," तो सांगत होता, "तो माज्या पोरीच्या हाकेला पन ओ देल. आपली सोयरीक पक्की!"

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. म्हटलं, "दादा, हळदीला फिल्म दाखवू का?"

"दाखव. पन एक अट हाय. तुजी फिलीम मुकी. लोकांना वाटंल जोमा उगाच थांबला. तवा तू चादरीजवल उबा रा न तुजा सवाल मोठ्यानं इचार."

हळदीला मी उभा राहिलो. चादरीवर जोमादादा हसला, मी ओरडलो, "जोमादादा, खेचू का?" आणि अख्खा मांडव गरजला, "नकोऽऽऽ!"

तेव्हापासून कुणाचंही बारसं असो, लग्न असो, ती फिल्म आणि चादरीजवळ मी. जोमादादाची बायको पहिल्या रांगेतून "परत, परत!" म्हणून ओरडते, मी परत विचारतो आणि लोक परत हसतात. जोमादादा एकदाच पडला होता. मी रोज पडतोय, आणि मला अजून कुणी विचारलेलं नाही!