हळद झाकून जाणारा चोर

पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवांत बसलो की जी घटना अजून मनात घर करून आहे, तिच्यात ना रक्त सांडलं होतं, ना ऐवज गेला होता. एका खिडकीखाली रात्री कोणीतरी येऊन उभं राहत होतं, एवढाच तो मामला. नाव मात्र कोणाचंच सांगणार नाही. त्या माणसांनी माझ्यापाशी मन मोकळं केलं ते विश्वासानं, आणि तो विश्वास नोकरीबरोबर निवृत्त होत नाही.

दोन हजारच्या दशकातली, त्याच्या अखेरीची गोष्ट. मी वसमत भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद अंगणात, गच्चीवर, रिकाम्या प्लॉटवर, जिथे जागा मिळेल तिथे वाळत पडलेली. या दिवसांत हळदचोरीच्या तक्रारी ठरलेल्या. त्यामुळे ठाणे अंमलदारानं सकाळी येऊन बाईंच्या घरी रात्री कोणीतरी येतं असं सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आली हंगामाची पहिली तक्रार.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. आमच्या हवालदाराचाही कान त्यांनी पिळलेला होता आणि तो हे अभिमानानं सांगायचा. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहत. तक्रार घेऊन आला होता त्यांचा मुलगा, पुण्याला इंजिनिअर असलेला. हळदीसाठी रजा काढून आला होता. फाटकाची कडी त्यानं रात्री स्वतः लावलेली, सकाळी पाहिली तर उघडी. आईच्या खोलीच्या खिडकीखाली धुळीत चपलांचे ठसे. एकदा नव्हे, वरचेवर.

मी जागा पाहायला गेलो. अंगणात हळदीचा ढीग ताडपत्रीखाली जसाच्या तसा होता. चोर येतो, हळदीपाशी थांबत नाही आणि थेट म्हातारीच्या खिडकीशी जातो, हे मला ठीक वाटेना. मुलाला तर मुळीच वाटेना. तो म्हणाला, हा माणूस सापडला नाही तर रजा संपताना आईला पुण्याला घेऊन जाईन आणि घर विकून टाकीन. बाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमी ह्याच्या नादी लागू नका. मांजर असंल." मांजर चपला घालत नाही, हे त्यांच्यासारख्या शिक्षिकेला मी काय सांगणार? गुन्हा म्हणावा असं काही नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि रात्रगस्तीला त्या गल्लीतून फेरी लावली. गस्तीला काही दिसलं नाही. गस्तीची जीप कोपऱ्यावरूनच ऐकू येते, तेव्हा दिसणार तरी काय?

मग मुलानं कॅमेऱ्याचं काढलं. तेव्हा घराला कॅमेरा लावणं म्हणजे आमच्याकडे अप्रूप होतं. सराफाच्या दुकानात आणि बँकेत असायचा तेवढाच. त्यानं पुण्याहून एक मागवला. दिसायला देखणा, दिवसा चित्र झकास, रंगीत. रात्री मात्र नुसता काळा पडदा. मी त्याला म्हटलं, बाबा, आपला पाहुणा उजेडात येत नाही, अंधारात येतो. तेव्हा भिंगाभोवती बारीक दिव्यांची चकती असलेला घे. ते दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याला त्यांचा उजेड पुरतो. शिवाय बाहेर लावायचा तर पाऊस-धूळ सोसणारा हवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आमचं भारनियमन. रात्री लाईट गेली की कॅमेराही झोपणार, म्हणून इन्व्हर्टर पाहिजे. तो इंजिनिअर असूनही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण पुण्याला लाईट जात नव्हती.

नांदेडहून बसवणारा कारागीर आला. चांगला अनुभवी, बोलका गृहस्थ. त्यानं आधी कॅमेरा पांढऱ्या भिंतीलगत धरला, तर नुसता चकचकाट. दिव्यांचा उजेड भिंतीवरून उलटा येत होता. मग जागा बदलली. हाताला लागणार नाही इतका उंच, पण चेहरा सोडून नुसतं डोकं दिसेल इतका उंच नाही. बाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. कॅमेरा हळदीकडं लावा, खिडकीकडं नको, असा त्यांचा धोशा. मुलगा म्हणे खिडकीकडेच. फिर्यादीच्या घरातच तपासाला खीळ बसते तेव्हा पोलिसाचे कान टवकारले जातात. माझेही टवकारले, पण बाईंपुढे बोलायची छाती नव्हती. शेवटी कारागिरानं असा कोन साधला की खिडकी आणि हळद दोन्ही दिसाव्यात.

दोनच दिवसांत मुलगा धावत ठाण्यात आला. चित्र मिळालं होतं. मी आणि हवालदारानं त्यांच्या घरी जाऊन टीव्हीवर पाहिलं. चित्र काळंपांढरं, पुसट. फाटकातून एक आकृती येते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरीशुभ्र. खांद्यावर उपरण्यासारखं काहीतरी. खिडकीशी जाते, मान कलती करून उभी राहते आणि बऱ्याच वेळानं निघून जाते. चेहरा दिव्यांच्या उजेडात धुऊन निघालेला, नाक-डोळे काही कळेनात. बाई चहा करायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

मुलगा म्हणाला, धोतर नेसलंय, समोरचे आजोबाच. समोरच्या घरात एक पांढरं धोतर, पांढरा सदरा असे वृद्ध गृहस्थ होते आणि सांडपाण्यावरून त्यांचं न् बाईंचं कायमचं वाजत असे. गल्लीत दुसरं धोतर नव्हतं. त्याच संध्याकाळी बातमी चावडीपर्यंत गेली आणि आजोबांच्या घरचे तोंड लपवायला लागले. मी त्यांना ठाण्यात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं. ते तापले नाहीत, उलट माझीच कीव केली.

"साहेब, मला रातच्याला दिसतच न्हाई. मोरीकडं जायचं तर सून हाताला धरून नेती. अन् त्या बाईच्या खिडकीत मी काहून जाऊ? दिवसभर भांडून पोट भरत न्हाई का आमचं?"

सुनेकडे विचारलं, डॉक्टरकडे विचारलं. आजोबा खरं बोलत होते. माणूस सोडला. पण मग पांढरा माणूस कोण? मुलाची रजा संपत आली होती. त्यानं घरासाठी गिऱ्हाईक पाहायला सुरुवात केली होती, आणि बाई बाजारात भेटल्या तेव्हा माझ्याशी न बोलता पुढे गेल्या. मला ते फार लागलं. त्यांचं घर जाणार, आणि जाणार ते माझ्या तपासापायी.

उलगडा झाला तो माझ्याच जाकिटामुळे. थंडी होती म्हणून अंधार पडल्यावर मी एकदा काळं जाकीट घालून त्या अंगणात चक्कर टाकली होती. नंतरचं चित्रण तपासताना हवालदार एकाएकी पुढे सरकला.

"साहेब, हे तुमीच हाव ना? तुमचं काळं जाकीट तर दुधावाणी पांढरं दिसून राहिलं."

खरंच तसं होतं. नांदेडच्या कारागिराला फोन लावला. तो हसला. म्हणाला, साहेब, त्या दिव्यांच्या उजेडात रंगाचा भरवसा नसतो. नायलॉन-पॉलिस्टरचा काळा कपडा पुष्कळदा पांढरा येतो. म्हणजे आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यामागे पळत होतो, आणि आमचा पाहुणा कदाचित काळ्या-निळ्यातच येत होता.

मग कपडा सोडला आणि चाल पाहिली. आकृतीच्या हातात बॅटरी नाही, तरी अंधारात पायरी बरोबर ओलांडते. हळदीचा ढीग वळसा घालून टाळते. म्हणजे अंगण पायाखालचं. आणि परत जाताना तिनं जे केलं ते आम्ही आधी पाहिलंच नव्हतं, कारण ती खिडकीपासून निघाली की आम्ही चित्र बंद करत होतो. वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक उडालं होतं. त्या आकृतीनं वाकून ते टोक हळदीवर ओढलं, वर दगड ठेवला आणि मग फाटकाकडे गेली. माल झाकून जाणारा चोर माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेजारी, एकाच भिंतीपलीकडे, बाईंची थोरली जाऊ राहत होती, मुला-सुनांसोबत. दोघींचा अबोला होता. थोरलीच्या मुलीच्या लग्नात बाईंच्या माहेरच्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, एवढ्यावरून. धाकटी लेकरं शाळेत होती तेव्हापासूनचा तो अबोला आता लेकरांना लेकरं झाली तरी चालू होता. गावानंही तो मान्य केला होता. एकीच्या घरी हळदीकुंकू असलं की दुसरीला वेगळ्या वेळेला बोलवायचे.

बायकांचा जबाब घ्यायला त्यांच्या घरीच जावं लागतं. महिला कॉन्स्टेबलला घेऊन दिवसाउजेडी गेलो. थोरली काष्ट्याचं गडद लुगडं नेसून ओट्यावर तूर निवडत बसली होती; लांबून धोतरच वाटावं. आत दांडीवर गडद निळी शाल. मी पाणी घेतलं, हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि सहज विचारलं, "मावशी, बाईंच्या ताडपत्रीला दगड कमी पडतात का?"

तिचा हात सुपातच थांबला. आरोपीनं कबुली कशी दिली हे मी शेकडो पंचनाम्यांत लिहिलंय, पण अशी कबुली नाही.

"वारं सुटलं होतं. दव लागलं असतं हळदीला. धाकलीला एवढं बी कळत न्हाई, चार दगडं जास्ती ठेवावं."

मग हळूहळू सगळं आलं. बाईंचे यजमान, म्हणजे तिचा दीर, झोपेतच गेले होते. बाई तेव्हा माहेरी गेलेल्या. पलीकडे भिंतीला लागून थोरली झोपलेली, आणि तिला सकाळी ऊन वर येईपर्यंत पत्ता नाही. तिनं त्या दिराला लहानाचा मोठा केला होता. त्यानंतर बाईंना दमा लागला.

"रातची एकदा जाऊन खिडकीला कान लावते," ती म्हणाली. "घोरणं ऐकू आलं की येते माघारी. सांध्यांनी हात आखडलेत, म्हणून कडी बराबर लागत न्हाई. साहेब, तिला सांगू नका. आमचा अबोला हाय. तिला कळलं तर ती खिडकी लावून घेईल, मग मला ऐकू यायचं न्हाई."

महिला कॉन्स्टेबल तोंड फिरवून उभी राहिली. माझ्यापुढे पेच पडला. सांगावं तर म्हातारीचा शब्द मोडतो. न सांगावं तर मुलगा आईला घेऊन जातो आणि घर विकलं जातं. रात्रभर विचार केला. सकाळी मुलगा बाजारात गेल्याचं पाहून बाईंकडे गेलो. कसं सुरू करावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, बाई, तपास लागलाय, पण नाव विचारू नका. धोका काही नाही.

बाईंनी मला बसा म्हटलं, शाळेत म्हणत असतील तसंच. मग म्हणाल्या, "थोरली हाय ती. मला माहीत हाय साहेब. पहिल्या दिवसापासून माहीत हाय. तिच्या चपलेचा आवाज मी ओळखत न्हाई का?"

त्यांना कॅमेरा हळदीकडे का वळवायचा होता ते आता कळलं.

"मी जागीच असते," त्या म्हणाल्या. "ह्या वयात झोप कुठं लागती? ती खिडकीशी आली की मी मोठ्यानं घोरते. न्हाई घोरले तर ती हलत न्हाई, थंडीत तशीच उभी राहते. गुडघे हाईत का तिचे उभं राहायसारखे?"

खाकीत रडायचं नसतं असा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. तो त्या दिवशी मी मोडला. डोळे पुसून विचारलं, मग दोघी बोलत का नाही?

"बोललो की भांडण होतं," बाई म्हणाल्या. "असं बरं हाय."

मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं, माझ्यादेखत, टीव्हीवर ते चित्र लावून. त्यानं ते परत एकदा लावून पाहिलं. लहानपणी ज्या मोठ्या मायनं, म्हणजे थोरल्या काकूनं, त्याला जेवू घातलं होतं, तिच्या उंबऱ्याला तो अबोल्यापायी वर्षानुवर्षं गेला नव्हता. उठला आणि तडक शेजारी गेला. पाया पडला, जेवून आला. तिच्यापाशी कॅमेऱ्याचं अक्षर काढलं नाही. समोरच्या आजोबांकडे माझ्यासोबत येऊन माफी मागितली. घर विकायचं नाव परत काढलं नाही. कॅमेरा मात्र बाईंनी रस्त्याकडे तोंड करून घेतला. म्हणाल्या, थोरली म्हातारी आहे, तिला कोणी टीव्हीवर बघू नये. स्टेशन डायरीला मी लिहिलं, 'चौकशी केली, संशयास्पद काही आढळलं नाही.' तसं ते अक्षरशः खरं होतं.

आता निवृत्तीनंतर ओळखीचे लोक विचारायला येतात, साहेब, घराबाहेर रात्रीचा कॅमेरा कोणता लावावा? मी सांगतो. रात्रीचं चित्र दुकानात नको, घरी अंधारात लावून बघ. समोर पांढरी भिंत नको. लाईट गेल्यावर किती वेळ चालेल ते विचार. भिंगावर कोळी जाळं करतो, ते झाडत जा. आणि चित्रात दिसला म्हणून कपड्याच्या रंगावर कोणाचं नाव घेऊ नकोस. हे सगळं कामाचं आहे, कॅमेरा जरूर लावावा. पण त्या प्रकरणानं मला शिकवलं ते असं, की कोण आलं हे कॅमेरा दाखवतो. का आलं ते जाऊन विचारावं लागतं. म्हणून निघताना मी प्रत्येकाला विचारतो, एखाद्या सकाळी तुझं दार उघडलं नाही, तर आधी कोणाच्या लक्षात येईल?

बाईंचं राहिलंच. माझी बदली झाली, वर्षं गेली. मुलाचा फोन अधूनमधून यायचा. एकदा आला, मोठी माय गेली म्हणून. तेरावं झाल्यावर बाईंनी आपणहून पेटी भरली आणि त्याला म्हणाल्या, आता ने मला पुण्याला. तो चकित झाला. इतकी वर्षं हात जोडले तरी आई हलली नव्हती. त्यानं विचारलं, आता काहून? बाई म्हणाल्या, "आता मी कुणासाठी घोरू?"