फोडावर रंग नाही

हवालदार गाडी डोळ्यांनी बघत नसत, अंगठ्यानं बघत. कराडच्या नाक्यावर त्यांचं मोटारी रंगवायचं शेड होतं. गाडी आली की मालकाला रामराम घालायच्या आधी दरवाजाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरायचा. रंगाला कुठं फोड लागला की ते नख दाबायचे. आतून तांबडा भुगा गळायचा आणि मालकाचं तोंड उतरायचं. उमेदीची सगळी वर्षं पलटणीच्या गाड्या रंगवण्यात गेलेली, त्यामुळे भीड म्हणून कुणाची नाही.

"वरनं रंग मारून द्या की हवालदार," असं कुणी म्हटलं की संपलंच. "गळवावर पावडर लावतुस व्हय रं? फोड वर दिसतुया, खाणारा आत बसलाय." मग पॉलिश पेपर, मग पत्रा कापायची कात्री. चांगली दिसणारी गाडी आठवडाभर भोकं पाडून उभी. लोक शिव्या घालत जायचे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर मुकाट्यानं परत यायचे.

सत्तर-बहात्तर साली मी जुनी टॅक्सी घेतली. गावोगावचे पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत नेणं हा माझा धंदा. एका दसऱ्याला माझ्या बायकोनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि सगळं पाणी भक्तिभावानं तिथंच ओतलं. रंगाला गेलेल्या चिरेतून ते आत मुरलं आणि स्वस्तिकाच्या जागी फोड आला. हवालदार तिला म्हणाले, "देवाला आंगूळ घाला वैनी, पत्र्याला सोसत न्हाई." ती पुढं दरवर्षी नारळ चाकाजवळ फोडायची, पण हवालदारांवर जरा रागच धरून असायची.

काम संपलं की ते गुळाचा खडा तोंडात टाकत. त्यानं घशातली धूळ खाली जाते म्हणे. पुढं पुढं खोकला गुळाला दाद देईना. मी दवाखान्याचं नाव काढलं की, "धूळ हाय, जाईल," एवढंच. मला संताप यायचा. जगाचे पत्रे खरवडणारा हा माणूस स्वतःवर मात्र गुळाचं लिंपण करत होता.

एक दिवस रंग मारता मारता ते खालीच बसले. रुमालाला रक्त लागलेलं. हवालदारीणकाकू रडत माझ्याकडं आल्या. मी शेडमध्ये जाऊन एवढंच म्हणालो, "हवालदार, फोडावर रंग मारताय." ते निमूट गाडीत येऊन बसले.

मिरजेत डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दोन्ही फुप्फुसं गेली होती, आता इलाज नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर काकूंनी हात जोडले. "त्यास्नी सांगू नगा. धूळ बसलीया म्हणा." आमच्याकडची रीतच तशी. असे कितीतरी पेशंट मी परत आणले होते. अख्ख्या गाडीला ठाऊक, फक्त मधे बसलेल्याला नाही.

हवालदार माझ्या शेजारी पुढं बसले होते. आष्टा मागं पडलं तेव्हा समोर बघतच त्यांनी विचारलं, "आत किती खाल्लंय रं?"

आरशात काकूंचे डोळे माझ्यावर रोखलेले. पण या माणसाशी खोटं बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?

"जोडायला पत्रा उरला न्हाई, हवालदार."

मागं काकूंनी पदर तोंडात कोंबला. हवालदारांनी बाहेरच्या उसाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "बरं केलंस गड्या. थाप मारली असतीस तर हितंच उतरलू असतू."

त्याच आठवड्यात त्यांनी शेड बंद केलं आणि पाटणजवळच्या आपल्या गावी गेले. बांधावरून थोरल्या भावाशी कैक वर्षं अबोला होता. जाऊन स्वतःच त्याच्या ओसरीवर बसले. त्याच ओसरीवर, शिमग्याच्या सुमारास, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून गेले.

काकू मिरजेच्या त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तेराव्याला गेलो ते मान खाली घालूनच. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि माझ्या तळहातावर गुळाचा खडा दिला.

"भावासंगं बोलले, लेकीसंगं बोलले, माज्यासंगं तर रात-रात बोलले," त्या म्हणाल्या. "काय बी आत ठेवलं न्हाई."