आरशात बघून जा

जखार लुकिच अंतराळवीर होता, पण अंतराळात कधी गेला नाही. हे वाक्य उच्चारणं त्याच्या बायकोला, क्लावदियाला, आयुष्यभर जड गेलं.

तो पहिल्या तुकडीतला वैमानिक. गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसून ओकला, आवाज न पोचणाऱ्या खोलीत दहा दिवस एकटा राहिला. तीनदा त्याला राखीव म्हणून नेमलं. राखीव माणसानंही तोच पोशाख चढवायचा, त्याच बसनं यानापर्यंत जायचं, आणि मित्र वर गेला की परत येऊन पोशाख उतरवायचा. घरी आल्यावर म्हणायचा, "वरातीला गेलो होतो गं. नवरदेव दुसराच!"

एकोणसत्तरच्या शरदात यादीत त्याचं नाव पहिलं लागलं.

निघायच्या सकाळी, प्रवासाआधीच्या रीतीप्रमाणे, दोघं मिनिटभर गप्प बसली. तो जिना उतरू लागला आणि क्लावदियाला खुंटीवर त्याचा मफलर दिसला.

"जखार! मफलर राहिला!" हाक तोंडून गेलीच. तो धावत वर आला.

"आता आरशात बघून जा. अर्ध्या वाटेतून परतलास, न बघता गेलास तर वाट अडते."

"खाली गाडी खोळंबलीय, बाईसाहेब! रॉकेटवर बसणाऱ्यानं आरशाला भ्यायचं?" तो हसला आणि गेला.

उड्डाणतळावर शेवटच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा ठोका चुकला. एकच. राखीव माणूस वर गेला. जखारचा नंबर पुन्हा लागला नाही. पुढची बावीस वर्षं तो नव्या पोरांना आसनाचे पट्टे आवळायला शिकवत राहिला.

त्या हाकेबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. पण तेव्हापासून साधा पाव आणायला निघाला, तरी जखार दाराजवळच्या आरशात बघितल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. अशा वेळी क्लावदिया स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी राही.

तो वारला त्या दिवशी शेजारच्या ताइस्यानं आरसा चादरीनं झाकला. तिसऱ्या दिवशी त्याच्याच चार शिष्यांनी उघडी शवपेटी उचलली. दाराशी आल्यावर क्लावदियानं चादर ओढून काढली.

"अगं, वेड लागलं का? मढं घरात असताना आरसा उघडा करतात होय?" ताइस्या ओरडली.

"थांबा रे पोरांनो. जरा इकडे वळवा त्याला," क्लावदिया म्हणाली. "न बघता गेला, तर वाटेत पुन्हा अडवतील."

चौघांनी पेटी आरशाकडे तिरकी केली.