सातच्या खाली

दौंडहून पुण्याला निघालेल्या गाडीत खुटबावची एक म्हातारी माझ्यासमोर बसली होती. तिच्या मुलानं कोयता दाखवून एकाला लुटलं होतं. गुन्हा शाबीत झाला होता आणि आज कोर्ट शिक्षा सुनावणार होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"वकील म्हनला, कायद्यानं सात वर्सं तरी हायेतच. त्याच्या खाली जानं जज साहेबांच्या हातात न्हाई," ती म्हणाली. "मंग मी हात जोडायचं कुनापुढं, दादा?"

 

संध्याकाळी परतीच्या गाडीत ती पुन्हा भेटली.

"सातच दिली. कमी देता येत न्हाई म्हनले साहेब. खाली बघून म्हनले."

मग तिनं हळूच विचारलं, "सात वर्सं मी ऱ्हाईन का वो?"