पेनाखालची पेन्सिल

नाशिकला आले तेव्हा शाळा नववीतच सुटलेली होती आणि गाव राहिलं होतं तिकडे परभणीकडे. शालिमारजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मालकीणबाईंनी मला ठेवून घेतलं. मी त्यांना ताई म्हणायचे. फोटोशॉप त्यांनीच शेजारी बसवून शिकवलं, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण तेव्हा गिऱ्हाइकाचा आवाज जरा चढला की मी आधी ताईंच्या तोंडाकडे बघायचे. घरी परत पाठवलं तर?

लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, असलीच कामं असायची. एक दिवस मनमाडहून रेल्वेतले एक काका आले. गुंडाळीतून त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद काढला. त्यावर कुठेच नसलेल्या एका देशाचा नकाशा होता. डोंगर, राक्षसाचा किल्ला, वाळवंट, पुढे फाटे फुटलेली नदी.

"पोरानं काढलाय. आठवीत होता. दिवाळीच्या आधी गेला, तापानं. याला रंग भरून मोठा करा. भिंतीला लावायचाय."

ताईंनी काम माझ्याकडे दिलं. मी कांद्याची सालं स्कॅनरच्या काचेवर पसरली आणि त्यांचा पोत डोंगरांवर चढवला. वाळवंटाला डब्यातल्या भाकरीची करपलेली बाजू.

"उद्या कालवण ओतशील गं काचेवर!" ताई म्हणाल्या.

आठवड्यानं काका बघायला आले. रंग त्यांना आवडले. मी किल्ला मोठा करून दाखवला आणि ते एकदम पुढे वाकले.

"ही रेघ त्याची नाय. हा माझा हात हाय."

पेन्सिल पुसट होत चालली म्हणून त्यांनीच सगळा नकाशा पेनानं गिरवला होता. पक्का राहावा म्हणून.

"पेन काढून टाक. खालची पेन्सिल तेवढी ठेव. कॉम्प्युटरवर निघतं ना?"

मी शाई फिकी करून पाहिली. तिच्याखाली काहीच उरलं नव्हतं. कुठे कुठे पेनाच्या कडेला केसाएवढी राखाडी रेघ दिसे, तेवढीच. नदीच्या एका फाट्याखाली तर खोडरबरानं कागदाचे तंतू उठलेले होते.

"काका, हा फाटा त्यानं खोडला होता."

"आणि मी गिरवला."

आता ओरडतील, ताईंना बोलावतील, म्हणून मी माऊस घट्ट धरून बसले. ते ओरडले नाहीत.

"तो काढ. त्याला नको होता. बाकीचं?"

"नाही निघणार, काका."

मी तो फाटा वाळूनं बुजवला. मोठी प्रिंट निघाली, ती त्यांनी काखेत धरली. मूळ कागद मी पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला.

"तो राहू दे इथंच. घरी त्याची आई उजेडात धरून त्याची रेघ शोधंल."

ताईंनी तो कपाटात ठेवला. काका दारातच थांबले, कपाटाला कुलूप लागेपर्यंत.