कॉलर मऊ केली ती मी

लोकांना वाटतं, ज्युदो म्हणजे उचलून आपटायचं. आपटायला दोन सेकंद लागतात. बाकी सगळं पकडीचं भांडण. एकीनं कॉलर धरायची, दुसरीनं झटका मारून सोडवायची. समोरचीचं वजन एका पायावर आलं की तेवढ्यात घुसायचं. आधी घुसलं तर फुकट, उशिरा घुसलं तर आपणच खाली. हे मला पोरीनं शिकवलं. मी चौथी शिकलेला, सुरतेत पांडेसऱ्याला कापडाच्या डाइंग मिलमध्ये फिनिशिंगला होतो. नव्वदनंतरची वर्षं. बमरोलीहून तिला सायकलवर बसवून प्रॅक्टिसला न्यायचो आणि भिंतीला टेकून बघत बसायचो.

राज्याच्या निवडीची फायनल सुरतेतच होती. जिंकेल ती नॅशनलला जाणार. पोरीच्या ड्रेसचं कापड गोधडीएवढं जाड, कॉलरनं मान सोलून निघायची. मला बघवेना. मिलमध्ये खरखरीत कापडाला आम्ही सॉफ्टनर मारायचो, तो डब्यातून आणला. बायको म्हणाली, आधी ज्युदोच्या सरांना विचारा. मी म्हणालो, कापडातलं सरांना काय कळतं. पोरगी शाळेत गेल्यावर ड्रेस बादलीत बुडवला. वाळल्यावर लोण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मॅचला घालताना ती म्हणाली, आज टोचत नाही. मी खूश.

फायनलला समोर बडोद्याची मुलगी. तिनं कॉलर धरली आणि कॉलर अख्खी तिच्या मुठीत गोळा झाली. पोरीनं झटका दिला, सुटेना. कडक कॉलर मुठीत मावत नाही म्हणून सुटते, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या झटक्याला पोरीचं वजन डाव्या पायावर गेलं. समोरचीनं तोच पाय झाडला. पाठ पुरी टेकली. संपलं.

सरांनी कॉलर चिमटीत धरून पाहिली, गुजरातीत म्हणाले,

"आ कोणे कर्युं?"

पोरगी आमच्याकडे बघायला लागली. माझं तोंड उघडेना. बायको पुढं झाली, पोरीला आमच्या अहिराणीत म्हणाली,

"माय, डरेस मीच धुया व्हता. मन्ही चूक शे."

पोरगी आठवडाभर आईशी बोलली नाही. मी बायकोला विचारलं, खोटं कशाला बोललीस? ती पीठ मळत होती.

"मन्हावर रुसनी तरी भाकर मन्हा हातनीच खाई. तुम्हनावर रुसनी ते सायकलवर बसाव नही."

खरंच होतं. प्रॅक्टिस बुडाली नाही. पोरगी पुढं दोनदा नॅशनलला जाऊन आली. लग्न होऊन बारडोलीला गेली तरी माहेरी आली की चिडवायची, आई, माझ्या कपड्यांना हात लावू नकोस हं. बायको हसायची. मी पेपरात डोकं घालायचो.

बायको गेली त्याला आठ महिने झाले. तेराव्याला पोरीनं पाहुण्यांना हीच गोष्ट सांगितली, आई किती भोळी होती म्हणून. मी तिथंही गप्प बसलो. ती भोळी नव्हती.

पोरगी रविवारी येणार आहे. हा कागद तिच्या हातात देणार. तोंडानं मला सांगता येणार नाही.