चिंचेने घासलेला सम्राट
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या नागपूरच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांचे, आणि भिजवलेल्या चिंचेचा वास आला की आजही मला त्यांच्यापुढे ओशाळल्यासारखं होतं. सर रोमन काळातली काशाची नाणी जमवत. त्याच जातीचं जास्त चांगलं नाणं मिळालं की जुनं, झिजलेलं विद्यार्थ्याला देऊन टाकायचं, हा त्यांचा नियम. त्या नियमाने एक नाक झिजलेला सम्राट माझ्याकडे आला होता. उन्हाळ्यात परगावी जाताना सरांनी त्याच सम्राटाचं नवं मिळवलेलं, ठसठशीत नाणं माझ्या धंतोलीतल्या खोलीवर सांभाळायला दिलं आणि बजावलं, "याचा हा हिरवा थर हीच याची किंमत. पाणीसुद्धा लावू नकोस." त्याच आठवड्यात गावाहून आई आली; हे नाणं सरांचं, एवढंच मी तिला सांगितलं. मी वाचनालयातून परतलो, तर ती माझ्या पितळी तांब्याशेजारी सरांचं नाणं उन्हात वाळवत बसलेली. "ज्या मास्तरानं तुले शिकवलं, त्याची वस्तू अशी हिरवी काहून होऊ देल्ली गा? चिंच-मीठ लावून घासता घासता बोटं दुखली, पण निघाला बाप्पा चेहरा!" सम्राट नव्या लोट्यासारखा चमकत होता, आणि त्याहून जास्त आई. त्या दुपारी सरांना लिहिलेलं पत्र मला अजून पाठ आहे: "सर, आईने तुमचं नाणं घासलं. चूक माझी, मी तिला थराचं सांगून ठेवलं नव्हतं. आता दोघांत थर शाबूत असलेलं माझंच नाणं चांगलं उरलं आहे. तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे ते तुम्ही घ्यावं आणि चकचकीत मला द्यावं. ता. क. आई विचारते आहे, बाकीची नाणी घासायला कधी पाठवता?"